न मोजलेले एकशे आठ

अप्पा, माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी तुमचंच नाव सांगतो, गुरुलिंगप्पा मिस्त्री. वडिलांचं नाव त्यानंतर येतं, आणि वडिलांनाही ते ठाऊक आहे. हैदराबादेत लोकांना वाटतं, हे कुणी मोठे प्रोफेसर असतील. मग मी सांगतो की तुळजापुरात सोलापूर रस्त्याला एक पत्र्याची शेड आहे, तिथं ते मोटारींचं लाइटकाम करतात. त्यापुढं मी बोलत नाही. पुढचं जे होतं ते मी तुम्हाला पत्रानं कळवलं, तेही जवळजवळ तीन वर्षं उशिरा. पत्र पोचलं. मी पोचलो नाही.

तुमच्या जाण्याची तार मिळाली तेव्हा मी बिजलीघरात कामावर होतो. आमच्याकडं भिंतीवर रिलेंची रांग आहे. एखादा पडून करंट तुटला की 'टक' असा आवाज होतो, आणि तेवढ्यानं मी दचकतो. बरोबरीचे हसतात. इतका शिकलेला माणूस आणि आवाजाला भितो म्हणतात. तार वाचताना असाच एक रिले पडला. मला आधी त्याचीच भीती वाटली, तुमच्या जाण्याचं दुःख मागून आलं. हेही तुम्हाला सांगायला हवं, कारण आता तुमच्यापासून काही लपवायचं नाही असं मी ठरवलं आहे.

मॅट्रिक होऊन मी तुमच्याकडं आलो तेव्हा मला पक्कड धरता येत नव्हती. भूमला वडील तेलाच्या घाण्यावर होते. घरात कुणी चौथीच्या पुढं गेलं नव्हतं. दोन वर्षं तुमच्या हाताखाली काढली, आणि एके दिवशी तुम्हीच मला घेऊन भूमला गेलात. वडिलांनी विचारलं, शिकून काय तालुकदार व्हायचंय का? तुम्ही म्हणालात, तालुकदार नको, डायनामो का फिरतो ते मला सांगणारा एक माणूस पायजे. वडील त्यावर हसले आणि तिथंच हरले. मग मी हैदराबादला कॉलेजात गेलो, आणि चार वर्षं दर पंधरा दिवसांनी कुणा ना कुणा ड्रायव्हरबरोबर सोलापूरच्या स्टेशनापर्यंत आणि तिथून रेल्वेनं मला शेंगाची चटणी आणि कडक भाकरी येत राहिली. तुमच्या लेकीनं, गौराक्कानं, बांधलेल्या फडक्याची गाठ मी दातांनी सोडायचो.

तिकडं सगळं उर्दूत. करंटला बर्की रौ म्हणायचं. पहिल्या सुट्टीत मी ते तुम्हाला ऐटीत सांगितलं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "रौ म्हण न्हायतर करंट म्हण, तम्मा. चटका तेवढाच बसतो."

कानडीत धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. वयानं मी तुमच्या मुलासारखा होतो, पण तुम्ही मला भाऊच केलंत. त्यामुळं तुमच्याशी वाद घालायची मला मुभा मिळाली, आणि मी ती फार वापरली.

आपला रिलेचा वाद तर संपलाच नाही. तुम्ही नव्या माणसाला रिले असा समजावायचा: हा चौकीवरचा शिपाई. बटणाकडनं बारकासा हुकूम येतो, आणि हा बॅटरीचं मोठं दार उघडतो. हुकूम ऐकायचं ते त्याचं पोट, म्हणजे कॉइल. दार उघडायचं ते त्याचं तोंड, म्हणजे दोन पॉइंट. रिले निवडताना आधी तोंड बघायचं, मग पोट. किती चावायचंय ते ठरवल्याशिवाय दात घेऊ नको, असं तुम्ही म्हणायचा. मी म्हणायचो की अप्पा, कॉइल किती व्होल्टची आणि तिचा अवरोध किती, हे कागदावर मांडता येतं. तुमचं तोंड कागदावर कसं मांडायचं? तुम्ही म्हणायचा, कागद पेटतो तेव्हा कळतं.

दुसरा वाद एकशे आठचा. कुठलाही रिले बसवला की गाडी मालकाच्या हाती देण्याआधी तुम्ही बटण दाबून धरायचा आणि 'ॐ नमः शिवाय' एकशे आठ वेळा म्हणायचा. मग बोटाच्या मागच्या बाजूनं पॉइंटजवळ हात लावून ऊब बघायची. कोमट असेल तर गाडी जाऊ द्यायची. गरम असेल तर रिले काढून फेकायचा, मग तो कुणाचाही असो. हॉर्नचा रिले असला की गल्लीला त्रास नको म्हणून हॉर्नवर पोती गुंडाळायची. समोरचा हॉटेलवाला तरीही ओरडायचा, मिस्त्री, तुमचा महादेव बहिरा हाय का? मी म्हणायचो, घड्याळ लावून तीन मिनिटं बघा, नाव कशाला? तुमचं उत्तर होतं की घड्याळाकडं बघणारा मधेच सोडतो. नाव घेताना खोटं मोजता येत न्हाय.

येतं, अप्पा. अगदी सहज येतं.

लढाई संपून वर्ष झालं होतं. बी.एस्सी.चा निकाल लागला होता, आणि हैदराबादच्या बिजली खात्यातून मला मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. सोलापूरला जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या, म्हणजे प्रवासी गाडीच्या, मालकानं तिला लष्करी लिलावातले दोन मोठे हॉर्न आणले होते. घाटातल्या वळणांना आवाज हवा म्हणून. ते दोन हॉर्न इतका करंट ओढायचे की बटण दोनदा जळालं. रिले घालणं भाग होतं. तुम्ही सोलापूरला चांगल्या रिलेची मागणी धाडली होती, पण नवरात्र तोंडावर आलं आणि माल आला नाही. यात्रेकरू खोळंबले होते, मालक सकाळ-संध्याकाळ शेडपुढं येऊन उभा राहायचा. त्याच सुमारास मला सोलापुरात लष्करी भंगाराच्या ढिगात एक रिले सापडला. वायरलेसच्या पेटीतला, नखाएवढे रुपेरी पॉइंट, कॉइल बरोबर सहा व्होल्टची. मी मोजमाप करून पाहिलं. आकडा कागदावरच्या आकड्याशी जुळला. मला इतका आनंद झाला की मी तो रिले रुमालात बांधून आणला.

तुमच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरायला लागला होता. तुम्ही रिले हातात घेऊन चाचपला. म्हणालात, "याचं तोंड बारीक लागतंय रे." मी समजावलं. पाचशे शब्द तरी बोललो असेन. तुम्ही दमून कानडीत 'साकु' म्हणालात, मग म्हणालात, पुरे झालं, तू शिकलेला हाईस, पण एकशे आठ करून बघ. बॅटरीकडून येणाऱ्या जाड तारेचा जोड तुम्ही स्वतः सीटखाली बसून, बोटांनी अंदाज घेत बांधलात, डाग दिलात, वर पट्टी गुंडाळलीत आणि जेवायला गेलात. जाताना सांगून गेलात, पोती हायत तिथं.

पोती कोपऱ्यात होती. ती आणायची, हॉर्नला बांधायची, मग शेडमध्ये एकट्यानं बटण दाबून जप करत बसायचं, याची मला लाज वाटली. मी ग्रॅज्युएट होतो. मी दोनदा बटण दाबलं. टक, टक. दोन्ही वेळा हॉर्न छान वाजला.

तुम्ही परत येऊन विचारलंत, "झाले का एकशे आठ?"

"झाले, अप्पा."

"गरम?"

"कोमट."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच मोटारीनं मी मुलाखतीसाठी निघालो. सोलापुरात रेल्वे धरायची होती. गाडी हुसेनभाई चालवत होते. गाडी खच्चून भरली होती, दर्शन करून परतणारी माणसं, एका बाईच्या मांडीवर तान्हं मूल, मागं मी आणि माझी ट्रंक. घाटात दुसऱ्या वळणावर हुसेनभाईंनी हॉर्न दिला आणि बटणावरनं बोट काढलं. हॉर्न थांबला नाही.

माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, देवीच्या नावानं बोंब मारतीय गाडी. हुसेनभाईंनी बटण पुन्हा दाबलं, सोडलं, मूठ मारली. दोन्ही हॉर्न एका सुरात किंचाळत होते आणि तो आवाज डोंगराला आपटून परत येत होता. त्या गाडीत काय झालंय हे एकट्या मला कळलं होतं. पॉइंट चिकटले होते. शिपायानं दार उघडलं होतं आणि आता त्याला ते लावता येत नव्हतं. माझ्या त्या नाजूक रिलेच्या केसाएवढ्या तारेतून दोन हॉर्नचा सगळा करंट चालला होता, आणि रिले ड्रायव्हरच्या सीटखाली होता. पेट्रोलची टाकीही सीटखालीच होती.

मी ओरडायला हवं होतं. रबर जळाल्याचा वास आला, सीटच्या फटीतून धूर निघाला, आणि सगळ्यांच्या आधी मागच्या दारातून मी उडी मारली. गाडी अजून चालत होती. माझे गुडघे फुटले. हुसेनभाईंनी गाडी दरीच्या बाजूनं न नेता डोंगराच्या बाजूला घासून थांबवली, सीट उपटून फेकली आणि पेटलेल्या तारा उघड्या हातानं धरून ओढल्या. मग हॉर्न थांबला. ती बाई मूल खिडकीतून बाहेर देत होती आणि खाली घ्यायला माणूस नव्हता. ते मूल मी घेतलं. मला ते नीट धरता येईना, तेव्हा तिनं ते माझ्याकडून हिसकावून तेवढ्यात उतरलेल्या दुसऱ्याला दिलं.

कुणी मेलं नाही. हुसेनभाईंच्या उजव्या हाताची तीन बोटं आखडली ती कायमची. त्यांनी पुन्हा गाडी चालवली नाही.

अमीनसाहेब, म्हणजे आमच्याकडचे फौजदार, पंचनाम्याला शेडवर आले तेव्हा मी तुमच्या शेजारी उभा होतो. मोटार बैल लावून ओढून आणली होती. सीटखाली सगळा कोळसा झाला होता. अमीननी उर्दूत विचारलं, हे काम कुणाचं? मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण खिशात मुलाखतीचा कागद होता. मुलाखत चुकली म्हणून खात्याला तार केली होती आणि दुसरी वेळ मिळाली होती. चौकीत नाव लागलं तर ते गेलं, वडिलांचं घाण्यावरचं बोलणं खरं ठरलं, तुमची चार वर्षांची भाकरी वाया गेली, असं सगळं एका क्षणात डोक्यात आलं. तोवर तुम्ही बोललात.

"जोड माझा हाय, साहेब. नजर कमी झालीया. जोड ढिला ऱ्हायला आसंल."

तुम्ही मला वाचवायला तसं म्हणाला नाहीत. मला वाचवायचं आहे हे तुम्हाला ठाऊकच नव्हतं. मी एकशे आठ मोजले होते, रिले कोमट होता, म्हणजे चूक तुमच्या जोडाची, असा साधा हिशेब तुम्ही मांडलात. माझ्या शब्दावर मांडलात.

तुम्हाला दिवसभर चौकीत बसवलं. मी गौराक्काबरोबर बाहेर बसलो होतो. ती मला धीर देत होती. संध्याकाळी सुटून आल्यावर तुम्ही पक्कड, डागणी, तारांची भेंडोळी, सगळं एका पेटीत भरलंत आणि पेटी शेजारच्या सायकलवाल्याला देऊन टाकलीत. म्हणालात, आता माणसं जाळायची न्हायती. चार दिवसांनी मी हैदराबादला गेलो आणि मला नोकरी लागली.

मग रझाकारांचं वर्ष आलं. टपालाचा भरवसा नव्हता, गाड्या बंद होत्या. लोक जिवाच्या भीतीनं सोलापूरकडं पळत होते, आणि मला खरं सांगायचं तर त्या भीतीत एक प्रकारची सोय वाटत होती. पत्र का लिहिलं नाहीस, असं कुणी विचारणार नव्हतं. पोलीस कारवाई झाली, टपाल सुरू झालं, सोय संपली. तरी मी लिहिलं नाही. पुढच्या पावसाळ्यात गौराक्काचं कार्ड आलं. अप्पांना आता काहीच दिसत नाही, जेवणही तुटलंय, दिवसभर आपलाच उजवा हात डाव्या हातानं चाचपत बसतात. त्या कार्डानंतर मी पत्र लिहिलं.

पत्रात मी लिहिलं होतं की सोमवारी निघतो. रजा मंजूर होती. मी स्टेशनावर गेलोही. गाडी फलाटावर उभी होती. तुमच्यापुढं उभं राहायचं, आणि तुम्हाला माझा चेहरा दिसणार नाही तर तुम्ही हातानं चाचपून बघाल, हे मनात आलं आणि मी फलाटावरच्या बाकावर बसलो. गाडी गेली. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो आणि म्हटलं, उद्या जाऊ. असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी तार.

मी पोचलो तेव्हा तुम्हाला लिंगायत रीतीनं बसवून माती देऊन तीन दिवस झाले होते. गौराक्कानं मला पाणी दिलं, जेवायला वाढलं, आणि मग सांगितलं. पत्र तिनंच वाचून दाखवलं होतं. तुम्ही एके ठिकाणी थांबवून पुन्हा वाचायला लावलंत, एकशे आठच्या ठिकाणी. पत्राबरोबरच्या डबीतला तो रिले तुम्ही मागून घेतलात आणि कितीतरी वेळ नखानं तपासलात. मग सायकलवाल्याकडून पेटी परत आणवलीत. अंथरुणात बसून तारेचे दोन तुकडे जोडलेत आणि गौराक्काला म्हणालात, ओढ. तिनं ओढलं. आणखी जोरात ओढ म्हणालात. ती सांगताना हसली आणि रडली. त्या दिवशी अप्पा दोन भाकऱ्या जेवले म्हणाली.

मी विचारलं, माझ्याबद्दल काय म्हणाले?

ती म्हणाली, "मी इचारलं, व्यंकटला काय लिहू? तर म्हणाले, कायबी लिहू नको. येऊ दे त्याला."

येऊ दे त्याला. अप्पा, हे तुम्ही कुठल्या सुरात म्हणालात? मी गौराक्काला पुन्हा पुन्हा विचारलं. ती म्हणते, साध्याच आवाजात. रागावून? न्हाय. मग मायेनं? तसंबी न्हाय वो, साधं. हैदराबादेत रिले पडतो तेव्हा मला हे शब्द ऐकू येतात, आणि प्रत्येक वेळी सूर वेगळा असतो. तुम्ही मला शिव्या दिल्या असत्या तर मी पाया पडलो असतो. माफ केलं असतं तर रडलो असतो. आता मला यातलं काय करायचं तेच कळत नाही.

हुसेनभाईंकडंही गेलो. तुम्ही त्यांना बोलावून सांगितलं होतं, हे मला तिथं गेल्यावर कळलं. ते दारात बाजेवर डाव्या हातानं बशीतून चहा पीत होते. मी सगळं पुन्हा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"एक सौ आठ गिनने कू कित्ता टैम लगता, बीएस्सी साब?"

मी म्हणालो, तीन मिनिटं.

"तीन मिनिट," ते म्हणाले, आणि बशीत राहिलेला चहा प्यायले. मला बसा म्हणाले नाहीत. जा म्हणाले नाहीत.

तुम्ही मला सांगायचा, भिऊन काम कर, तम्मा, न भिणारा मिस्त्री दुसऱ्याला जाळतो. मी जन्मभर भितोच आहे, पण ज्याला भ्यायचं त्याला भ्यालो नाही. त्या दिवशी पोत्यांची लाज, मग अमीनची भीती, मग तुमच्या हाताची. आगीची भीती मला उडी मारताना वाटली, तेव्हा ती फक्त माझ्यापुरती होती. आता बिजलीघरात नवा रिले लावला की मी बटण धरून उभा राहतो आणि एकशे आठ म्हणतो. मुसलमान फोरमन विचारतो, काय पुटपुटता? मी सांगतो, वेळ मोजतोय. तो बिचारा घड्याळ पुढं करतो.

तुळजापुरात अजून म्हणतात, मिस्त्रीचे डोळे गेले म्हणून गाडी पेटली. हॉटेलवाला परवा माझ्यासमोर तेच म्हणाला. मी त्याला तिथंच थांबवलं आणि खरं सांगितलं. पण एकेकाला किती सांगणार? म्हणून हे सगळं मी गावासाठी लिहितोय, आणि तुम्हाला पाठवलेलं पत्र इथं जसंच्या तसं देतो. ज्यांना वाचता येतं त्यांनी इतरांना वाचून दाखवावं.

तीर्थरूप अप्पांच्या चरणी व्यंकटचे शरणार्थ.

गौराक्काला हे पत्र एकटीला आधी वाचू देऊ नका. तुमच्यासमोर मोठ्यानं वाचायला सांगा.

घाटात गाडी पेटली ती तुमच्या जोडामुळं नाही. माझ्या रिलेमुळं पेटली. तुम्ही त्याचं तोंड बारीक आहे म्हणाला होता, ते बरोबर होतं. मी एकशे आठ मोजले नव्हते. दोनदा बटण दाबलं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो. अमीनसाहेबांसमोर गप्प बसलो, तेही नोकरीसाठी.

याहून वाईट एक गोष्ट आहे. ओढून आणलेली मोटार शेडपुढं उभी होती, त्या पहाटे तुम्ही अंघोळीला गेला होता. अमीन यायच्या आधी मी सीटखाली शिरलो आणि रिले काढून घेतला. पंचनाम्यात म्हणूनच तो सापडला नाही. सोबतच्या डबीत आहे. तुम्हाला दिसणार नाही, पण नखानं बघा. दोन्ही पॉइंट वितळून एक झाले आहेत. तीन वर्षं तो माझ्या ट्रंकेत होता. फेकून द्यायचं धाडस झालं नाही आणि दाखवायचंही झालं नाही.

तुमचा जोड मी तेव्हाच पाहिला होता. वरची पट्टी जळून गेली होती, तार काळी पडली होती. मी दोन्ही हातांनी ओढला, पाय लावून ओढला. तो निघाला नाही. तुमच्या हातात काही खोट नव्हती आणि हे मला त्या दिवसापासून माहीत होतं. तुम्ही पेटी देऊन टाकलीत तेव्हाही माहीत होतं.

हुसेनभाईंना तुम्ही सांगितलंत तरी चालेल. मीही सांगेन.

मला फार भीती वाटते, अप्पा. तुम्ही काय म्हणाल याची वाटते, आणि काहीच म्हणाला नाहीत तर त्याचीही वाटते. पण हे कागदावर सांगून भागणार नाही, तुमच्यासमोर उभं राहून सांगायला हवं. रजा मिळाली आहे. सोमवारच्या गाडीनं निघतो.